परदेशातल्या मित्रांना भेटून आल्यावरचे पंधरा दिवस

परदेशी राहणाऱ्या मित्रांना भेटून परतताना बहुतेकांच्या मनात एक निश्चय पक्का होतो. आता असं धावत जगायचं नाही, माणसांना वेळ द्यायचा, जे करायचंय ते 'पुढे कधीतरी'वर ढकलायचं नाही. निश्चय खरा असतो, फक्त टिकत नाही. सुट्टीचा परिणाम मोजणाऱ्या अभ्यासांत दिसलंय की कामावर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच तो बराचसा ओसरतो. नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात सहलीला जाऊन आलेले आणि न गेलेले यांच्या आनंदात परतल्यानंतर जवळजवळ फरक सापडला नाही. अगदी निवांत सुट्टी घालवलेल्यांचा काय तो अपवाद. नव्याचे नऊ दिवस, त्यातले दोन-तीन तर बॅगा रिकाम्या करण्यात आणि कपडे धुण्यात जातात.

म्हणून या पंधरा दिवसांत एकच काम साधायचं: मन हललेलं आहे तोवर त्या निश्चयाचं तारीख आणि वेळ असलेल्या दोन-तीन गोष्टींत रूपांतर करायचं. ते कसं करायचं आणि कुठे फसतं, ते पुढे आहे.

आधी झोप, मग विचार

पहिल्या तीन-चार दिवसांत जे वाटतं त्यातलं बरंचसं अपुऱ्या झोपेचं असतं. पहाटे तीनला टक्क जाग येते, घर परकं वाटतं, आणि 'खरं जगणं तिकडे होतं, इथे नुसता रेटा आहे' अशी वाक्यं सुचायला लागतात. ती त्या वेळी कोणाला पाठवू नका. नोकरी सोडण्याचा मसुदा तर मुळीच लिहू नका.

शरीरातलं घड्याळ पूर्वेकडच्या प्रवासानंतर दिवसाला साधारण एक तास सरकतं, पश्चिमेकडच्या प्रवासानंतर दीड तास. आपलं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब चालतं. त्यामुळे त्याला उशिरा झोपणं सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. त्याला सरकवणारी मुख्य गोष्ट म्हणजे प्रकाश, आणि इथेच गडबड होते. 'परतल्यावर सकाळी सहाला उन्हात फिरा' हा सल्ला सरसकट बरोबर नाही. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं. त्यानंतर मिळालेला प्रकाश घड्याळाला लवकर झोपण्या-उठण्याकडे नेतो, त्याआधीचा प्रकाश उशिराकडे.

हिशेब असा करायचा. समजा, मित्राचा देश तुमच्या ९ तास मागे आहे आणि तिथे तुम्ही सकाळी सातला उठत होता. तापमानाचा तो नीचांक तिथल्या पहाटे साडेचारला, म्हणजे तुमच्या घरच्या दुपारी दीडला. पहिल्या दिवशी सकाळी ऊन घेतलंत तर घड्याळ नेमकं उलट्या दिशेला जाईल. सकाळी पडदे ओढून ठेवा, बाहेर जावंच लागलं तर गॉगल लावा, आणि दीडनंतर उजेडात या. दुसऱ्या दिवशी साडेबारानंतर, तिसऱ्या दिवशी साडेअकरानंतर, असं रोज तासाभराने अलीकडे सरका. फरक ५ तासांचाच असेल तर पहिल्या दिवशीची वेळ साडेनऊची.

मित्राचा देश तुमच्या पुढे असेल तर त्रास वेगळा. संध्याकाळी सातला डोळे मिटतात आणि पहाटे तीन-चारला जाग येते. अशा वेळी संध्याकाळचा उजेड भरपूर घ्यायचा आणि पहाटे जाग आली तरी दिवा आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवायचे. हे सगळं गणित, तिथे आठवडाभर तरी राहून शरीर तिथल्या वेळेला रुळलं होतं, असं धरून आहे. तीन दिवसांच्या धावत्या भेटीत घड्याळ फारसं हललेलंच नसतं. घरच्या वेळेप्रमाणे झोपा आणि सोडून द्या.

तिकीट अजून काढायचं असेल तर परतणं आणि कामावर जाणं यांत एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. तो दिवस मित्रांकडेच घालवावा असा मोह होतो. आमच्या मते तो सौदा तोट्याचा आहे, कारण खालचं सगळं काम त्या मोकळ्या दिवशी होतं, आणि रात्री उतरून सकाळी कामावर जाणाऱ्याचं सहसा ते होतच नाही.

फोटो उघडण्याआधी लिहून काढा

क्रम महत्त्वाचा आहे: आधी लिहिणं, नंतर फोटो. फोटो आधी पाहिले की आठवण फोटोंच्या मागे जाते, आणि ज्या गोष्टींचे फोटो नाहीत त्या मागे पडतात. मित्रांच्या भेटीत नेमक्या याच गोष्टी जास्त असतात. रात्री दीडपर्यंत चाललेल्या गप्पांचा कोण फोटो काढतो?

उशीर करू नये याचंही कारण आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणाचा जो आलेख मांडला, त्यात सर्वांत मोठी घसरण सुरुवातीच्या तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत आहे. पुढे घसरण मंदावते. त्याचे प्रयोग निरर्थक अक्षरगटांवर होते, सहलींच्या आठवणी इतक्या झटपट पुसल्या जात नाहीत. तरी कोण नेमकं काय म्हणालं, कोणत्या शब्दांत म्हणालं, हा तपशील सगळ्यांत आधी जातो. पहिलं लेखन ४८ तासांत व्हायला हवं.

एका बैठकीला १५ ते २० मिनिटं, सलग तीन किंवा चार दिवस. हे माप जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकापासून केलेल्या लेखन-प्रयोगांतून रूढ झालंय आणि या कामालाही ते बरोबर बसतं. एकाच दिवशी तीन तास बसलात तर पहिल्या दिवसाचं वर्णन चार पानं होतं आणि शेवटचे पाच दिवस दोन ओळींत उरकतात. हाताने लिहा किंवा मोबाइलमध्ये बोलून नोंदवा, फरक पडत नाही. दुरुस्त्या मात्र करत बसू नका.

'पहिल्या दिवशी आम्ही…' अशी दिवसवारी सुरुवात टाळा, तिचं प्रवासवर्णन होतं. प्रश्न घेऊन बसा. घड्याळाकडे बघायचं राहून गेलं असे तास कोणते? मित्राच्या तोंडची कोणती वाक्यं जशीच्या तशी आठवतात? कुठे खटका उडाला, कुठे कंटाळा आला? रोज तिथे करत होता आणि घरी करत नाही अशी गोष्ट कोणती? आणि सगळ्यांत उपयोगी प्रश्न: तिथे असूनही काय बोलायचं राहिलं, काय करायचं राहिलं?

लिहिताना विशेषणं कमी आणि क्रियापदं जास्त. 'खूप छान वेळ गेला' या ओळीतून सहा महिन्यांनी काहीही हाती लागत नाही. 'संध्याकाळी सहाला चालायला निघालो, नऊला परतलो, फोन घरीच होते' या ओळीतून पुढच्या कामाचा कच्चा माल मिळतो.

कंटाळवाणं आणि त्रासाचंही लिहा. एखादा अनुभव आठवताना मन त्याचा सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवरूनच निवाडा करतं, हे डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं. मित्रांच्या भेटीचा शेवट विमानतळावर मिठी मारून होतो आणि तो क्षण मागच्या सगळ्या दिवसांना रंग देऊन जातो. मधल्या एखाद्या साध्या दुपारी, मित्र कामात आणि तुम्ही एकटे घरी असताना काय वाटत होतं, तेही कागदावर हवं. नाहीतर आठ दिवसांनी तुम्ही एका गुळगुळीत गोष्टीवरून निर्णय घ्यायला लागाल.

जागा, माणूस की सुट्टी?

लिहून झालेल्या नोंदींतल्या आवडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक अक्षर टाका: जा, मा किंवा सु. जागेमुळे, माणसामुळे की सुट्टीमुळे? हे वर्गीकरण म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा गाभा. इथे घाई केली तर पुढचे निर्णय चुकीच्या गोष्टीवर बेततात.

अक्षर ठरवायला दोन प्रश्न पुरतात. हाच मित्र तुमच्या गल्लीत राहायला आला तर ही गोष्ट उरेल का? उरत असेल तर ती माणसाची. दुसरा: तुम्ही त्याच शहरात राहिलात, पण रोज नऊ ते सहा काम, घरातली भांडी-धुणी आणि बिलं भरणं सुरू झालं, तर ती उरेल का? उरत असेल तर ती जागेची. दोन्हीकडे उरत नसेल तर ती सुट्टीची होती.

आपल्या यादीत जागेचं पारडं जड असेल असं निघण्याआधी वाटतं. नीट तपासलं की ते बरंच हलकं होतं. 'तिथे लोक कसे निवांत चालतात' असं लिहिलेलं असतं, पण निवांत तुम्ही चालत होता. रस्त्यावरचे बाकीचे लोक कामालाच निघालेले होते. 'तिथे आम्ही किती बोललो' यात बोलणं माणसाचं, पण 'किती' हे सुट्टीचं. एकाच ओळीला दोन अक्षरं पडली तर ओळ तोडून दोन करा.

खरोखर जागेच्या गोष्टीही निघतील: चालायला मोकळे पदपथ, शांत रात्र, वेळेवर येणारी बस, उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंतचा उजेड. त्यांचं काय करायचं? पर्याय शोधता येत असेल तर शोधा, नसेल तर ओळीवर काट मारून सोडून द्या. जे आणता येत नाही त्याची हळहळ करत बसण्यात पंधरातले दहा दिवस जातात.

आणखी एक भान. तुम्ही मित्राचं आयुष्य पाहिलं नाही, तुमच्यासाठी मांडलेले त्याच्या आयुष्यातले काही दिवस पाहिलेत. त्याने रजा काढली होती, घर आवरलं होतं, कामं पुढे ढकलली होती. शक्यता अशीही आहे की एरवी तो कोणाशी न बोलता चार-चार दिवस काढतो. पुढच्या फोनवर त्याला त्याचा साधा आठवडा विचारा: सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी तो काय करतो, शेवटचं कोण घरी आलं होतं. उत्तर ऐकल्यावर यादीतली दोन-चार अक्षरं बदलावी लागतात.

तिथे लक्ष कसं काय लागत होतं

'सु' पडलेल्या गोष्टी लोक टाकून देतात. सुट्टी संपली, विषय संपला. आमच्या मते सगळ्यांत जास्त उचलण्यासारखं याच ढिगात असतं.

मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी मोबाइलवरून लोकांना दिवसभरात अधूनमधून 'आत्ता काय करताय, मन कुठे आहे' असं विचारलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भटकणाऱ्या मनाची माणसं त्या क्षणी कमी आनंदी होती. मित्राच्या घरी मात्र तेच मन तासन्‌तास जागेवर राहिलं. याचं श्रेय स्वतःच्या बदललेल्या स्वभावाला देऊ नका. चार अटी आयत्या जुळून आल्या होत्या. भेट कधी संपणार ते माहीत होतं. रजा आधीच मंजूर होती, त्यामुळे 'आत्ता खरं तर ते काम करायला हवं' ही टोचणी नव्हती. एका वेळी एकाच घरातली माणसं समोर होती. आणि मोबाइल नेटवर्क महाग किंवा अर्धवट चालणारं होतं.

या चारही अटी घरी लहान प्रमाणात मांडता येतात. संपण्याची वेळ ठरवून भेटा: 'ये ना कधीतरी' असं न म्हणता 'शनिवारी चार ते सात'. त्या तीन तासांपुरतं बाकीचं काम आधीच कोणत्या दिवशी करणार ते लिहून ठेवा. नुसतं 'विचार करायचा नाही' असं ठरवून टोचणी जात नाही. एका भेटीत एकच घर, वाटेत आणखी दोघांना भेटून घेणं नको. फोन विमानातल्यासारखा बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. टेबलावर पालथा घातलेला फोन हा बंद फोन नव्हे.

जमत असेल तर रात्रीचा मुक्काम. हजारो मैलांवरच्या मित्राकडे आपण आठ दिवस राहतो आणि वीस मिनिटांवरच्या मित्राकडे वर्षानुवर्षं एक रात्रही राहत नाही, कारण तिथे राहायचं 'कारण' नसतं. परगावच्या गप्पांची चव बरीचशी मुक्कामामुळे येते: झोपायच्या आधीचा तास आणि उठल्यावरचा तास. दोन तासांच्या चहात ते बोलणं निघतच नाही.

उरलेल्या भेटींचा हिशेब, एकदाच

कागद घ्या. गेल्या दहा वर्षांत या मित्राला प्रत्यक्ष किती वेळा भेटलात आणि प्रत्येक वेळी किती दिवस, ते मांडा. समजा, तीन वर्षांतून एकदा, सहा दिवस. हीच गती राहिली आणि पुढची ३० वर्षं दोघेही धडधाकट राहिलात, तर १० भेटी आणि ६० दिवस. आकडा बघून बहुतेक जण गप्प होतात. बहुतेकांनी मनात धरलेला आकडा याहून बराच मोठा असतो.

दुसरा हिशेब तासांचा. जेफ्री हॉल यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र व्हायला ९० आणि जवळचा मित्र व्हायला २००हून जास्त तास लागतात असं दिसलं. नुसतं एकत्र काम करण्यात गेलेले तास यात फारसे उपयोगी नव्हते. ते आकडे नव्या मैत्रीचे आहेत, पण तुलनेला चालतात. एका घरात सात दिवस, रोज जागेपणीचे बारा तास धरले तर ८४ तास. महिन्याला एक तासाचा फोन धरला तर एवढे तास व्हायला सात वर्षं लागतील. म्हणजे फोन निरुपयोगी असं नाही. फोन मैत्री राखतो, मुक्काम ती पुढे नेतो. दोन्हींकडून वेगवेगळी अपेक्षा ठेवा.

हा हिशेब एकदाच करायचा, आणि त्याच बैठकीत त्यातून एक कृती काढायची: तीन वर्षांऐवजी दोन वर्षांनी जायचं, की त्याला इकडे बोलवायचं, की दोघांनी मध्ये कुठेतरी भेटायचं. कृती न काढता आकडा नुसता डोक्यात ठेवला तर तो छळतो. पुढच्या भेटीत प्रत्येक संध्याकाळ 'संपत चालली' म्हणून जाते. मन आधीच खचलेलं असेल किंवा मित्र गंभीर आजारी असेल तर हे गणित करूच नका. तिथे थेट तारीख ठरवा आणि जा.

तीनच गोष्टी, वार आणि वेळेसकट

आता कृती निवडायच्या. तीनपेक्षा जास्त नाही, हा नियम मोडू नका. आरंभशूर माणूस परतल्याच्या उत्साहात अकरा संकल्प लिहितो आणि महिन्याभरात येरे माझ्या मागल्या. एक गोष्ट दूरच्या मित्राशी संबंधित, एक जवळच्या माणसांशी, एक फक्त स्वतःची.

प्रत्येक गोष्ट 'जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन' या साच्यात लिहा. पीटर गोलविट्झर यांनी १९९९मध्ये या प्रकारच्या आखणीवरचं संशोधन एकत्र मांडलं, आणि नुसत्या इच्छेपेक्षा ती बरीच जास्त पार पडते असं त्यानंतरही पुष्कळदा दिसलंय. कारण साधं आहे: कधी करायचं हा निर्णय आधीच झालेला असतो, ऐन वेळी मनाशी घासाघीस करावी लागत नाही.

'मित्रांना जास्त वेळ द्यायचा' ही इच्छा झाली. 'महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळचं खाणं झालं की मी त्याला फोन लावीन' ही आखणी. 'रोज चालायचं' ही इच्छा. 'कामावरून आल्यावर बूट न काढता सरळ चालायला जाईन, निदान दहा मिनिटं' ही आखणी. पहिली पायरी दहा मिनिटांच्या आत संपणारी हवी. आणि 'जेव्हा'च्या जागी रोज नक्की घडणारी घटना हवी. 'वेळ मिळेल तेव्हा' ही घटना घडत नाही.

सवय किती दिवसांत लागते याचा २१ दिवसांचा आकडा सगळीकडे फिरतो, तो विसरा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि माणसागणिक व सवयीगणिक तो १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. चुकलेल्याची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट करून करू नका. त्यानेच लोक सोडून देतात.

मित्राकडचं काम

पहिला निरोप ४८ तासांत, आणि 'पोहोचलो, खूप मजा आली' यापेक्षा नेमका. कोणत्या एका गोष्टीबद्दल आभार, ते लिहा: 'मंगळवारी रात्री तू दोन वाजेपर्यंत बसून माझं ऐकलंस.' आभाराचं पत्र मिळाल्यावर समोरच्याला होणारा आनंद पाठवणारे कमी धरतात आणि त्याला अवघडल्यासारखं होईल ही भीती जास्त धरतात, असं अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८च्या प्रयोगांत दिसलं. तेव्हा शब्दांची जुळणी करत आठवडा घालवू नका, पाठवा.

देणंघेणं आठवड्याच्या आत मिटवा. तिकिटं, प्रवास, बाहेरचं जेवण यांत कोणी किती भरलं, याची यादी त्या देशाच्या चलनात करा, एका ठरलेल्या दिवसाचा दर लावा, रक्कम पाठवा. 'राहू दे रे' म्हणालाच तर एकदा आग्रह करा आणि मग खरंच राहू द्या. न बोललेल्या पैशांनी मैत्रीत येणारा ताण उशिरा कळतो.

उत्तर यायला वेळ लागला तर राग धरू नका. पाहुणे गेल्यावर यजमानालाही घर रिकामं वाटतं, आणि आठ दिवसांची साचलेली कामं त्याच्याही डोक्यावर असतात.

फोनची वेळ ठरवताना दोघांच्या जागेपणीचे तास शेजारी मांडा. ९ तासांच्या फरकात एकाची सकाळ आणि दुसऱ्याची संध्याकाळ, एवढीच खिडकी उरते. पहाटेचा किंवा रात्रीचा त्रास कायम एकालाच होणार असेल तर तो फोन वर्षभरात बंद पडतो. दर महिन्याला अदलाबदल करा. दुसरा सापळा घड्याळं बदलण्याचा. युरोपीय संघात ती मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत साधारण एक आठवडा या दोन खंडांतला फरक एरवीपेक्षा एक तासाने कमी असतो. दक्षिण गोलार्धात घड्याळं उलट ऋतूत हलतात, तर अनेक देशांत ती हलतच नाहीत. म्हणून वेळ तोंडी न ठरवता कॅलेंडरमध्ये एकाच्या शहराचं नाव लावून नोंदवा आणि दुसऱ्याला आमंत्रण पाठवा. बाकीचं गणित यंत्र करतं.

पुढच्या भेटीचा महिना तीन आठवड्यांच्या आत ठरवा, तिकीट नंतर काढलं तरी चालेल. महिना ठरला की त्याच दिवशी पासपोर्टची मुदत पाहा. बरेच देश प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिन्यांची वैधता मागतात, आणि मित्राकडे राहणार असाल तर व्हिसासाठी त्याचं निमंत्रणपत्र आणि राहण्याचा पुरावा लागू शकतो. ऐन वेळी बेत फिसकटतो तो बऱ्याचदा कागदांपायी.

फोटो

लिहून झालं की एका बैठकीत उरका. सारखे दिसणारे काढून टाका, वीस ते तीस ठेवा, आणि प्रत्येकाखाली कोण, कुठे आणि तेव्हा काय बोलणं चाललं होतं ते एका ओळीत लिहा. लिंडा हेंकेल यांच्या २०१४च्या संग्रहालयातल्या प्रयोगात नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. ज्यांनी वस्तूच्या एका भागावर झूम केलं त्यांच्या बाबतीत मात्र असं झालं नाही. पुढच्या भेटीसाठी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मूळ फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मित्राला तो स्वतः असलेले फोटो पाठवा, तुमचे नकोत.

मोठे निर्णय आणि चौदावा दिवस

नोकरी बदलणं, देश बदलणं, नातं तोडणं किंवा जोडणं असं काही डोक्यात आलं असेल तर ते तारखेसह लिहून बंद करा आणि सहा आठवड्यांनी उघडा. तोवर त्याची चाचणी घ्या. स्थलांतराचा विचार असेल तर तिथल्या व्हिसाच्या अटी, भाडी आणि आपल्या कामाच्या तिथल्या जागा यांची खरी माहिती काढायला तीन संध्याकाळी द्या. तीनही संध्याकाळी टाळाटाळ झाली तर हवं होतं ते बहुधा स्थलांतर नव्हतं, सुट्टी होती. माहिती काढता काढता उत्साह वाढत गेला तर विचार पुढे न्यायला हरकत नाही.

घरच्यांना आणि सहकाऱ्यांना सगळं एका दमात सांगू नका. 'तिथे असं असतं, इथे तसं' ही तुलना तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याला त्याच्या जगण्यावरची टीका वाटते, आणि ज्यांना जास्त वेळ द्यायचं ठरवलंय तीच माणसं दुरावतात. एका वेळी एक प्रसंग, तोही विचारल्यावर.

भेट मनासारखी झाली नसेल, मित्र बदलल्यासारखा वाटला असेल, तर पहिला आठवडा काही ठरवू नका. नोंदींत खटक्याची जागा शोधा आणि पुढच्या फोनवर तेवढंच विचारा: 'त्या दिवशी तू गप्प होतास, काही झालं होतं का?' सगळ्या मैत्रीचा ताळेबंद मांडायला जाऊ नका.

चौदाव्या दिवशी अर्धा तास ठेवा. तीन गोष्टींपैकी किती एकदा तरी घडल्या? जी एकदाही घडली नाही तिची वेळ बदला किंवा तिला निम्मी करा. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तेव्हाही ती अडलेली असेल तर काढून टाका आणि तिच्या जागी लगेच दुसरी घालू नका. झोप, भूक आणि कामावरचं लक्ष दोन आठवड्यांनंतरही बिघडलेलं असेल, कशातच मन रमत नसेल, तर त्याला प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.